कॅमेरावाला पेट फीडर दुकानात ठेवावा का? दोन नग, एकवीस दिवस आणि एक चूक



गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत पंधरा-वीस जणांनी विचारला. "सर, कुत्र्या-मांजराला आपोआप खायला घालणारं कॅमेरावालं मशीन आलंय. रील्सवर तुफान चालतंय. मागवू का दहा-वीस नग?"

मी लगेच हो किंवा नाही म्हणालो नाही. दोन नग मागवले, एकवीस दिवस वापरले, वहीत सगळं लिहून ठेवलं. व्हिडिओमध्ये वेळ कमी असतो, म्हणून आकडे नीट सांगता येत नाहीत. ते सगळे इथे देतोय. मशीन तुम्हाला विकायचं नसलं तरी वाचा. कारण कुठलीही नवीन वस्तू दुकानात आणण्याआधी ती कशी तपासायची, याचा हा सराव आहे. आणि यात माझी एक चूकही आहे. तीसुद्धा लपवणार नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे आकडे कुठून आले ते कळेल. माझं दुकान लोणंदमध्ये. मुख्य माल मोबाईल अ‍ॅक्सेसरीज आणि छोटी इलेक्ट्रॉनिक्स. तीन वर्षांपासून एका बाजूला पेट फूडचा रॅक आहे. लोणंद म्हटलं की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो, माऊलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. पेट फूड कुणाला आठवत नाही. पण एमआयडीसी आली, बाहेरून नोकरदार राहायला आले, फ्लॅट झाले आणि फ्लॅटमध्ये मांजरं आली. रॅक त्यामुळे चालतो.

मशीन आहे तरी काय?

आतून बघितलं तर प्रकार अगदी साधा आहे. वर प्लॅस्टिकचा डबा, त्यात कोरडं खाद्य म्हणजे किबल भरायचं. डब्याच्या तळाला रबरी पात्यांची एक चकती. छोटी मोटर ती चकती फिरवते. एक खण फिरला की एका मापाचं खाद्य घसरगुंडीवरून खालच्या वाटीत पडतं. पिठाच्या गिरणीत दाणे वरून हळूहळू सोडतात, साधारण तसंच, फक्त इथं माप मोटर ठरवते.

त्याच्या पुढच्या बाजूला कॅमेरा, माइक, स्पीकर. वाय-फायला जोडायचं, मोबाईलवर अ‍ॅप घ्यायचं, वेळा लावायच्या. सकाळी ७ ला तीन मापं, संध्याकाळी ७ ला दोन मापं, असं. वेळ झाली की तुमच्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं "ये मनी, ये" असं मशीन बोलतं. ऑफिसमध्ये बसून तुम्ही मांजर खाताना बघू शकता.

म्हणजे ग्राहक दोन वस्तू एकत्र घेतोय. एक, वेळेवर खायला घालणारी मोटर. दोन, लांबून बघायचा कॅमेरा. जाहिरात कॅमेऱ्याची होते, पण जनावराचं पोट मोटरवर अवलंबून असतं. हे वाक्य लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिली चाचणी: माप खरं आहे का?

खोक्यावर लिहिलं होतं, एक माप १० ग्रॅम. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला आणि मांजराचं बारीक दाण्याचं खाद्य भरून दहा वेळा एक-एक माप पाडलं. वजनं आली अशी: ९, ११, ८, १२, १०, १३, ९, ११, १०, १२. बेरीज १०५, म्हणजे सरासरी साडेदहा ग्रॅम.

याचा अर्थ काय लावायचा? एकेक माप बघितलं तर फरक मोठा आहे, ८ पासून १३ पर्यंत. पण चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५०-६० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. म्हणजे पाच मापं. पाच मापांत कमी-जास्त एकमेकांत मिसळून जातं आणि दिवसाची बेरीज ठीक येते. मोठ्या मांजरासाठी मशीन पास. पण एका वेळी एकच माप खाणाऱ्या छोट्या पिल्लासाठी आठ आणि तेरामधला फरक खूप आहे. तिथं मी विकणार नाही.

मग डबा रिकामा करून कुत्र्याचं मोठ्या दाण्याचं खाद्य भरलं. तीस वेळा फिरवलं. दोनदा अडकलं. मशीनने उलट फिरून दाणा सोडवायचा प्रयत्न केला, एकदा सुटला, एकदा हातानं काढावा लागला. घरी माणूस असेल तर हात घालून काढता येतो. पण माणूस घरी असेल तर मशीन कशाला हवं?

डबा तीन लिटरचा. त्यात किबल बसलं साधारण १२०० ग्रॅम. मांजराला ५० ग्रॅमनं २४ दिवस पुरेल. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ३०० ग्रॅम धरा, चार दिवसांत डबा खाली. शिवाय आपल्याकडचं कुत्रं घरात बसलेलं नसतं, अंगणात असतं. दोन धक्क्यांत मशीन आडवं करून झाकण उघडून खाईल. तेव्हा "कॉम्पॅक्ट" शब्दाचा अर्थ ग्राहकाला आधीच सांगा: हे मांजराचं मशीन आहे, फार तर छोट्या जातीच्या कुत्र्याचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. यात फक्त कोरडं खाद्य चालतं. दूध-भाकरी, भात, उकडलेलं चिकन, काही चालत नाही. ओलं खाद्य चकतीला चिकटतं आणि एका दिवसात वास मारतं. आपल्या भागात किती घरांत जनावर फक्त किबलवर आहे? या एका प्रश्नावर तुमचं अर्धं मार्केट गळून पडतं.

दुसरी चाचणी: लाइट गेली तर?

पुण्या-मुंबईतल्या रिव्ह्यूमध्ये ही चाचणी कुणी नीट करत नाही. आपल्याकडे हीच पहिली करायला पाहिजे.

माझ्या नगाच्या तळाला तीन मोठ्या सेलची जागा होती, टॉर्चमध्ये घालतो तसले. सेल मात्र खोक्यात नव्हते. मी तीन प्रकारे करून बघितलं.

सेल घालून अ‍ॅडॉप्टर काढला: मोटर चालू राहिली, ठरलेल्या वेळी खाद्य पडलं. पण वाय-फाय आणि कॅमेरा बंद. म्हणजे मालकाला मोबाईलवर "ऑफलाइन" दिसतं, पण मांजराला जेवण मिळतं.

सेल न घालता अ‍ॅडॉप्टर काढला, तासाभरानं परत लावला, वाय-फाय चालू: मशीननं इंटरनेटवरून वेळ घेतली आणि पुढचं जेवण वेळेवर दिलं.

सेल न घालता अ‍ॅडॉप्टर काढला, परत लावला, पण वाय-फाय बंद: काहीच नाही. मशीनला वेळच कळेना. वेळापत्रक आत साठवलेलं होतं, पण आता वाजले किती हे सांगायला कुणी नाही. दिवा लुकलुकत राहिला.

हा तिसरा प्रकार आपल्याकडे कधी होतो? लाइट जाते, लाइट येते, पण नेट येत नाही तेव्हा. पालखी मुक्कामाला असते तेव्हा मोबाईलच्या नेटवर्कची काय अवस्था होते ते लोणंदकरांना सांगायला नको. वादळी पावसानंतर केबलची लाइन कधी येईल तेही सांगता येत नाही.

माझी चूक

आता ती गोष्ट. ही चाचणी मी नवव्या दिवशी केली. आणि दुसरा नग मी सहाव्या दिवशीच विकून बसलो होतो.

झालं असं, की आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरी एक मांजर. दुकानात टेबलावर मशीन बघितलं आणि म्हणाले, "शनिवारी कोल्हापूरला लग्न आहे, दोन दिवस जाणार, आम्हाला हेच पाहिजे." मी म्हणालो, अजून तपासतोय. ते म्हणाले, "तुम्ही आणलंय म्हणजे चांगलंच असणार." मला तो शब्द गोड लागला आणि साडेचार हजारांना मी नग दिला. घरी जाऊन वाय-फाय जोडून दिलं. वेळा लावून दिल्या. सेल घाला, असं मी सांगितलं नाही. मलाच तेव्हा त्याचं महत्त्व माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी ७ ला मांजरानं खाल्लं, ते लोक निघाले. दुपारी वारं-पाऊस झाला, लाइट गेली. तासाभरानं आली, पण केबलवाल्याकडची लाइन दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिली. संध्याकाळचं जेवण पडलं नाही. त्यांना मोबाईलवर ऑफलाइन दिसत होतं, त्यांना वाटलं नेट नाही म्हणून कॅमेरा दिसत नाही, खाणं पडलं असेल. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. घराची किल्ली कुणाकडेच नव्हती. लग्न अर्धवट टाकून ते निघाले, दुपारी चारला घरी पोचले. तेहतीस तास मांजर पाण्यावर होतं.

मांजर वाचलं, ठणठणीत आहे. पण यात हसण्यासारखं काही नाही. मांजर, त्यातून जाड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं. लग्न तीन दिवसांचं असतं तर?

मी पूर्ण पैसे परत केले. ते भांडले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "मांजर काय बोलणार हो. तुम्ही तरी सांगायला पाहिजे होतं."

मित्रांनो, साडेचार हजार परत देताना त्रास झाला नाही. हे वाक्य ऐकताना झाला. आपण छोटे दुकानदार ज्या एका गोष्टीवर ऑनलाइनशी टिकून आहोत, ती म्हणजे "तुम्ही आणलंय म्हणजे चांगलंच असणार" हा भरवसा. तो मी न तपासलेल्या मालावर खर्च केला. म्हणून आता माझा नियम पक्का आहे: चाचणी संपल्याशिवाय सॅम्पल काउंटरवर ठेवायचं नाही. ते दिसलं की गिऱ्हाईक मागतं, आणि मागितलं की आपल्याला नाही म्हणवत नाही.

तिसरी चाचणी: कॅमेरा आणि अ‍ॅप

कॅमेरा बरा आहे. दिवसा चित्र स्वच्छ, रात्री काळं-पांढरं. आवाज थोडा उशिरा पोचतो. पण कॅमेरा वाटीच्या वर, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. मांजर खायला आलं की तोंड दिसतं, नंतर ते कॉटखाली गेलं की काही दिसत नाही. "घरभर लक्ष ठेवा" म्हणून विकलं तर ग्राहक दुसऱ्या दिवशी परत येईल.

अ‍ॅपबाबत चार गोष्टी बघा. एक, मशीन फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतं का? असली बरीच यंत्रं तशीच असतात. राउटरवर दोन्ही बँड एकाच नावानं असतील तर जोडताना तासभर जातो, आणि तो तास आपला असतो. दोन, रेकॉर्डिंग कुठं साठतं? मेमरी कार्डावर असेल तर ठीक. कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर महिन्याचे पैसे किती, आणि फुकटची मुदत संपल्यावर काय बंद पडतं? तीन, घरातल्या दुसऱ्या माणसाला अ‍ॅप वाटून देता येतं का? चार, कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर वेळापत्रक चालू राहतं का?

चौथा मुद्दा कुणाला काल्पनिक वाटेल. तसा नाही. अमेरिकेत पेटनेट नावाच्या कंपनीचे स्मार्ट फीडर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांची यंत्रणा आठवडाभर कोलमडली आणि मालकांना आपल्याच मशीनशी संपर्क करता येईना. पुढे ती कंपनीच बंद झाली. कंपनी बुडाली की अ‍ॅप बुडतं, आणि अ‍ॅप बुडालं की चांगल्या मोटरचंही खोकं होतं.

दुसरा प्रकार सुरक्षेचा. २०१९ मध्ये रशियातल्या एका संशोधक महिलेला फरीटेल नावाच्या फीडरच्या यंत्रणेत असं भोक सापडलं, की जगभरातले १०,९५० फीडर तिला दिसत होते आणि त्यांच्या खाण्याच्या वेळा ती बदलू शकली असती. तिनं ते कंपनीला कळवलं. पण विचार करा, फीडरला कॅमेरा असेल तर तो कुणाच्या तरी घरात चोवीस तास चालू असतो. म्हणून मशीन जोडून देताना पासवर्ड ग्राहकाला स्वतः टाकायला लावा, तुमच्या मोबाईलवर त्याच्या घराचं अ‍ॅप ठेवू नका, आणि मशीन झोपायच्या खोलीत ठेवू नका असं सांगा. जोडणी झाली की आपला नंबर, आपलं लॉगिन काढून दाखवा. बायाबापड्यांच्या घरात कॅमेरा बसवतोय आपण, हे विसरून चालणार नाही.

चौथी चाचणी: मुंग्या, दमट हवा आणि धुणं

ही चाचणी कंपनी करत नाही, आपल्या घरातली फरशी करते. तिसऱ्या दिवशी वाटीत मुंग्या आल्या. वाटीत चार दाणे उरतात, ते पुरतात. उपाय सोपा, मशीनखाली पाण्याचं पसरट ताट ठेवायचं, पण वायर पाण्यात लोंबकळणार नाही हे बघायचं. पावसाळी हवेत किबल मऊ पडतं, म्हणून झाकणात ओल शोषणारी पुडी असते. ती पुडी बदलावी लागते, आणि ती कुठं मिळणार हे विक्रेत्याला विचारा. डबा आणि वाटी सुटी करून धुता येते. मोटरचा भाग धुता येत नाही, पुसावा लागतो.

पाण्याची सोय मशीनमध्ये नाही. दोन दिवस बाहेर जाणाऱ्याला दोन ठिकाणी पाण्याची भांडी भरून ठेवायला सांगाच.

खोक्यावर काय बघायचं?

माल स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका. आधी खोकं वाचा. पॅकबंद आयात मालावर आयातदाराचं नाव आणि पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असायलाच पाहिजे. वजनमाप कायद्याचे २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि आर नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. मशीनमध्ये वाय-फाय आहे, म्हणजे त्याला केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची मंजुरी लागते. त्या कागदाची प्रत विक्रेत्याकडे मागा. ज्याचा माल सरळ आहे तो लगेच देतो. जो "सर, तेवढं कोण बघतंय" म्हणतो, त्याला नमस्कार करा.

यात आपला काय संबंध, असं म्हणू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूची जबाबदारी हा वेगळा भाग आहे. सदोष मालामुळे नुकसान झालं आणि बनवणारा कोण हेच सापडत नसेल, तर विकणाऱ्याला धरता येतं. बिननावाच्या खोक्यात बनवणारा सापडत नाही. सापडतो तो दुकानदार, कारण त्याच्या दुकानावर मोठा बोर्ड असतो.

मी दोन विक्रेत्यांकडे चौकशी केली. एकानं कागद पाठवले. दुसऱ्याचा भाव साडेसहाशे रुपयांनी कमी होता आणि कागद नव्हते. पहिल्याकडून घेतलं.

आता गणित: एका नगावर सुटतात किती?

वही-पेन घ्या. मी जीएसटी नोंदणी केलेला आहे, म्हणून जीएसटी बाजूला काढून हिशोब करतो.

खरेदी २,९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो धरत नाही. वाहतूक नगामागे १२० रुपये. म्हणजे दुकानात पडला ३,०२० ला.

विक्री ४,५०० रुपये, जीएसटीसह. जीएसटी काढला की हातात ३,८१३ रुपये. वजा ३,०२०. राहिले ७९३ रुपये. नगामागे ७९३, दहा नगांना जवळपास आठ हजार. रील बघून लोक इथंच थांबतात आणि ऑर्डर टाकतात.

आपण पुढं जाऊ. घरी जाऊन जोडून द्यायला पेट्रोल आणि एक तास, १५० रुपये. दहा नगांमागे एक नग परत येईल असं धरा आणि विक्रेता तो परत घेत नसेल, तर त्याचे ३,०२० रुपये दहा नगांवर वाटा, नगामागे ३०२. एक नग डेमोसाठी उघडा ठेवावा लागतो, तो नवा म्हणून विकता येत नाही, पुन्हा नगामागे ३०२. बेरीज ७५४.

७९३ वजा ७५४. राहिले ३९ रुपये.

एकोणचाळीस रुपये. आणि यात रात्री साडेनऊला "दादा, मशीन ऑफलाइन दाखवतंय" म्हणून येणारे फोन धरलेलेच नाहीत. भाव वाढवा म्हणाल, तर गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं राहून मोबाईलवर ऑनलाइनचा भाव बघतं.

दुसरी बाजू अडकलेल्या भांडवलाची. दहा नगांना जीएसटी आणि वाहतूक धरून ३५,४२० रुपये जातात. हेच पैसे मी किबलच्या पोत्यांत घातले तर खरेदीवर साधारण १२ टक्के सुटतात आणि माल महिन्यात फिरतो. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या वर, तेही कुणाच्या घरी न जाता. नवीन वस्तू चांगली आहे का, हा अर्धाच प्रश्न. तेच पैसे माझ्या जुन्या मालात यापेक्षा जास्त कमावतात का, हा उरलेला अर्धा.

लोणंदमध्ये घेणार कोण?

पेट फूडच्या गिऱ्हाइकांची मी वही ठेवतो. नाव, जनावर, कुठलं खाद्य, किती दिवसांनी येतात. त्यात मांजराचं कोरडं खाद्य नियमित नेणारी ६१ घरं निघाली. त्यातली दिवसभर कुलूपबंद राहणारी घरं १४. या चौदांना मी फोन केला. नुसतं "आवडेल का" असं विचारलं नाही, कारण आवडेल तर सगळेच म्हणतात. किंमत सांगून विचारलं, "साडेचार हजारांना घेणार का?" नऊ जण नाही म्हणाले, तीन जण बघू म्हणाले, दोन जण हो म्हणाले.

नऊ जण नाही का म्हणाले ते ऐका. सहा जणांचं उत्तर एकच होतं: "शेजारच्या काकू घालतात की!" माझा खरा स्पर्धक ऑनलाइनवाला नाहीच, शेजारच्या काकू आहेत. त्यांना सेल लागत नाहीत, वाय-फाय लागत नाही, मांजर आजारी वाटलं तर त्या फोन करतात. फुकटात. अशा स्पर्धकासमोर कॅमेऱ्याची स्तुती करून उपयोग नाही.

मग मशीनची खरी गरज कुणाला? जे बाहेरून नोकरीला आलेत, शेजारी ओळखीचे नाहीत, शिफ्ट बदलते. आणि ज्यांच्या मांजराला डॉक्टरांनी थोडं-थोडं, मोजून, दिवसातून चार वेळा द्यायला सांगितलंय. आपल्याच खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावराच्या तब्येतीचा प्रश्न असेल तर आधी पशुवैद्याकडे पाठवा, मग मशीनचं बोला. खाण्याचं माप डॉक्टर ठरवतो, दुकानदार नाही.

मग मी काय ठरवलं?

मशीन वाईट नाही. मांजरासाठी, बारीक किबलवर, सेल घालून, एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी ते काम करतं. पण दहा नगांचा स्टॉक मी घेतला नाही. त्याऐवजी तीन गोष्टी केल्या.

एक, डेमोचा एक नग ठेवला आणि बाकी ऑर्डरवर. निम्मे पैसे आगाऊ, चार दिवसांत माल. भांडवल अडकत नाही. हो म्हणालेल्या दोघांना असेच दिले. सेल मी स्वतः घालून देतो, बिलात लावून.

दुसरं म्हणजे, परत आलेला नग भाड्यानं देतो. दिवसाला ८० रुपये, अनामत वेगळी. महिन्याला सहा दिवस गेला तरी ४८० रुपये येतात आणि सव्वासहा महिन्यांत ३,०२० वसूल होतात. दिवाळी आणि मे महिना धरला तर लवकरच. प्रत्येक वेळी धुऊन, पुसून, आधीच्या माणसाचं लॉगिन पुसून द्यायचं. आणि अट एकच: किल्ली गावात कुणाकडे तरी ठेवायची. किल्ली ठेवणार नसाल तर मशीन देत नाही. दोन जण यावर रागावून गेले, जाऊ दे.

तिसरी गोष्ट, लक्ष किबलवर ठेवलं. प्रिंटरवाल्याला पैसे शाईत मिळतात, तसं इथं. मशीन घेणाऱ्या घरातलं मांजर कोरड्या खाद्यावर येतं आणि ते खाद्य दर महिन्याला माझ्याकडून जातं. मशीनवर ३९ रुपये सुटले तरी चालतील, गिऱ्हाईक वर्षभर टिकलं पाहिजे.

तुमच्यासाठी: ऑर्डर टाकण्याआधीचे सात प्रश्न

पेट फीडर असो, मसाल्याचं मिक्सर असो की सोलर दिवा, हे सात प्रश्न वहीत लिहून उत्तरं भरा.

१. या वस्तूचं मुख्य काम कोणतं, आणि जाहिरात कशाची होतेय? तपासणी मुख्य कामाची करा.

२. आपल्या गावची लाइट, नेट, पाणी, धूळ, मुंग्या यांत ती चालते का? स्वतः करून बघा.

३. ती बंद पडली तर नुकसान कुणाचं आणि किती? पैशाचं असेल तर भरून देता येतं. जिवाचं असेल तर दुप्पट तपासा.

४. खोक्यावर नाव-पत्ता आणि कागद आहेत का?

५. जोडणी, परतावा, डेमो आणि फोन धरून नगामागे खरंच किती सुटतात?

६. तेच पैसे जुन्या मालात किती कमावतात?

७. किंमत सांगितल्यावर किती जण हो म्हणाले? नावं लिहा. नावं लिहिता आली नाहीत, तर मार्केट अजून नाही.

सातपैकी एकाचं जरी उत्तर रिकामं राहिलं तर दहा नग मागवू नका. एक मागवा, घरी वापरा, आणि माझ्यासारखा सहाव्या दिवशी विकून मोकळे होऊ नका.

ते गिऱ्हाईक अजूनही माझ्याकडेच येतं. मागच्या महिन्यात गणपतीला गावी जाताना त्यांनी भाड्यानं मशीन नेलं. सेल घातलेत ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली होती.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही घेऊन या.